दोन कॅलेंडरांमागची वहिनी

वहिनी, तुला त्यांनी जांभळी साडी नेसवली.

साधीसुधी नाही, कांजीवरम. आयुष्यभर तू जांभळं अंगाला लावलं नाहीस, 'वांगं दिसेन' म्हणायचीस. गळ्यात मोत्यांचा सर दिलाय. आणि खांदे तर तुझे नाहीतच. फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार अंगं असतात म्हणे. पुरुषांना कोट-टाय, बायकांना साड्या. गेलेल्या माणसाचं डोकं आणायचं, त्यावर बसवायचं, फ्रेम करायची, झालं. मानेपर्यंत तू आणि मानेखाली कोण कुठली बाई. आज तुझ्या तेराव्याला जो आला तो त्या बाईला हात जोडून, पानावर बसून, लाडू खाऊन गेला. आणि मी, तुझा सख्खा दीर, कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दातओठ खात बसलो होतो.

रडायचं राहूनच गेलंय बघ. तू गेल्यापासून मी नुसता चिडलेला आहे. आधी तुझ्यावर. भांडण अर्धं टाकून कोणी जातं का? मग प्रशांतवर, तुझ्या लेकावर. मग सोसायटीवर. आणि मधूनमधून, सवयीप्रमाणे, स्वतःवर. कारण या सगळ्या तमाशाची वात लावली ती मीच. तुला आश्चर्य वाटणार नाही.

हॉलमध्ये ती साडीवाली. आत, तुझ्या खोलीत, भिंतीवर एकाच वर्षाची दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी लटकतायत. वाण्याकडून दरवर्षी दोन मागून आणायचं काम माझं. तो एकदाही म्हणाला नाही, काका, तुमच्याकडे जानेवारी दोनदा येतो का? त्या कॅलेंडरांच्या मागे तू आहेस. खरी. स्वतःच्या खांद्यांसकट.

लोखंडी खाट, तिच्यावर विटकी गोधडी, गोधडीवर कुशीवर टेकलेली तू. अंगावर सूत नाही. एक हात डोक्याखाली, डोळे उघडे, सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर रोखलेले, आणि ओठाच्या कडेला ते तुझं 'आता बोला' हसू.

मी पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा नोकरीला नुकता लागलो होतो. दादा तेव्हा होता, त्यानं खिळा ठोकला, चित्र टांगलं, मला हाक मारली. मी आत आलो, बघितलं, आणि मान जी वर केली ती पंख्याकडे. बराच वेळ पंखाच बघत राहिलो. तू दारात तांदूळ निवडत बसली होतीस. म्हणालीस, "भावजी, पंखा बंद आहे."

दादाची गिरणी बंद पडली होती. आपण लालबागची खोली सोडून भाईंदरला आलो होतो. आणि तू शहरातल्या चित्रकलेच्या शाळेत 'बसायला' जायला लागलीस. तुम्ही बायका त्या कामाला तसंच म्हणायचात. मुलं समोर बोर्ड घेऊन चित्रं काढणार आणि तुम्ही हलायचं नाही. आधी लुगड्यात, मग त्याशिवाय. दादा शेजाऱ्यांना सांगायचा, मंडळी शाळेत आहे. शाळा होतीच की. त्या शाळेत काही महिने शिकवायला एक फ्रेंच चित्रकार आला. त्याचं नाव तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही, तू त्याला 'लंबू' म्हणायचीस. लंबूनं उत्तनला समुद्राकाठी एका ख्रिश्चन म्हातारीकडे खोली घेतली होती. तिथं तुझं चित्र काढायचं ठरलं, तेव्हा दादा म्हणाला, मी पोचवतो. स्टेशनबाहेरून बस धरून तो तुला पोचवायचा आणि ओट्यावर विड्या ओढत बसायचा.

हा भाग तू किती वेळा सांगितलास! म्हातारी त्याच खोलीच्या दारात सुके बोंबील निवडत बसायची. लंबूला वाटलं, तिनं बाहेर जावं. ती म्हणाली, "माझं घर हाय. बाईमाणूस उघडं हाय तर बाईमाणूस सोबत नको? मी काय जानार न्हाय." आणि मग तुला, "पोरी, गोधडी पाठीखाली घे, खाट थंड हाय." ती गोधडी चित्रात आली. बोंबलांचा वास तेवढा आला नाही. आला असता तर ते चित्र लंबूच्याच काय, कुणाच्याच देशात टांगता आलं नसतं.

त्यानं तशी दोन काढली. एक बरोबर नेलं, एक तुला दिलं. दिलं कसलं, तू आणलंस. "माझं आहे ते मी नेणार," म्हणालीस. घरी आणल्यावर दादा त्या चित्राजवळ गेला आणि म्हणाला, "हा तीळ मला माहीतच नव्हता." बरगडीखालचा. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "कसा माहीत असणार? तुमच्या दादांनी संसार केला तो दिवा घालवून." दादा लाजला. मी परत पंख्याकडे बघितलं.

लंबूनं काहीही सोडलं नव्हतं. तव्याचा मनगटावरचा डाग, दंडावरची देवीच्या लशीची खूण, आणि पोटावरचे ते वण. प्रशांतच्या वेळचे, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तसे.

त्यावर मी काय काय उपकार केलेत ते तुला माहीत आहेच. चित्र कोरडं दिसायला लागलं म्हणून मी खोबरेल लावलं. तेलचित्र म्हटल्यावर तेल लागत असेल, एवढा सरळ विचार. दुसऱ्या दिवशी मुंग्या. तू कंबरेवर हात ठेवून उभी. "भावजी, जिवंतपणी मुंग्या लावल्यात मला!" मग ते चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन आपण काशीमीऱ्याला फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं चादर सरकवली, बघितलं आणि मला विचारलं, "लॉज के लिए है क्या, अंकल?" हायवेवरच्या हॉटेलांना तो असलीच चित्रं मढवून द्यायचा. मी घसा साफ करेपर्यंत तू बोललीस, "घर के लिए है. मैं हूँ ये." त्याचा स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. फ्रेम मात्र त्यानं जीव ओतून केली. आजही एक सांधा उघडलेला नाही.

तुझा राग वेगळाच होता. चित्राच्या मागे लंबूनं फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलंय. शाळेतल्या एका मुलीनं वाचून सांगितलं, 'पहुडलेली स्त्री'. तू उसळलीस. "पहुडलेली कसली? आडवी पडलेली बाई, असंच ना? मी काय गुत्त्याबाहेर पडले होते? इतके दिवस चहा पिताना 'सुमती, सुमती' करत होता, आणि लिहिताना नाव नव्हतं मला?" मी आपला शहाणा. सांगितलं, मोठे चित्रकार असंच करतात. तू म्हणालीस, "मग मोठे चित्रकार गाढव आहेत. मागे माझं नाव लिहा." मी म्हणालो, चित्राच्या मागे असं लिहीत नाहीत, किंमत जाते. या भांडणात आपले केस पांढरे झाले. आजारपणातही तेच. "मार्करनं लिहा ना. डब्यांवर लिहायचा आहे आपल्या सुनेकडे, रूपालीकडे." मी म्हटलं, वहिनी, तेलचित्र आहे, वाट लागेल. "खोबरेल चोपडताना नाही लागली वाट?" मी म्हटलं, उद्या बघू. उद्या तू नव्हतीस. याला काय म्हणायचं? हा काय भांडण जिंकायचा मार्ग झाला?

मग फोटो. फ्रेममध्ये घालायला तुझा फोटो हवा होता आणि घरात एक धड फोटो नाही. लग्नातल्या घोळक्यात तुझा अर्धा कान. नाहीतर आधारकार्ड. आणि तू आधीच बजावून ठेवलेलं, "आधारकार्डावरचा फोटो लावलात तर भूत होऊन येईन." मला वाटलं, तुझा एकच चेहरा खरा आहे आणि तो आत भिंतीवर आहे. कॅलेंडरं उचलली, मोबाइलवर चित्राचा फोटो काढला. म्हटलं, भावेश फोटोवाल्याला पाठवू, नुसता चेहरा कापून घे म्हणू. फोनमध्ये त्याचं 'शांतीदीप फोटो' आणि आपली 'शांतीदीप सोसायटी' एकाखाली एक. चष्मा कपाळावर. पुढचं तुला सांगायला नको.

अखंड तू सोसायटीच्या ग्रुपवर गेलीस, वहिनी. गोधडीसकट.

वर तुझ्याच निधनाची बातमी, खाली श्रद्धांजल्यांची रांग, आणि मध्ये तू, डोक्याखाली हात घेऊन, सगळ्यांकडे बघत. काही जणांनी तर न बघताच खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. एकानं 'ओम शांती' आणि हात जोडलेले. मला ते कळलं. घाईघाईत डिलीट दाबलं. चित्र गेलं. सुटलो म्हणून मी पाणी प्यायलो. ते फक्त माझ्या फोनवरून गेलं होतं. बाकी सगळ्या बिल्डिंगच्या फोनवर तू होतीस तशीच होतीस. मी मात्र निर्धास्त खाली दूध आणायला. लिफ्टमधल्या बायका उतरून जिन्यानं गेल्या. मला वाटलं, सुतक पाळतायत.

सेक्रेटरी राणे वर आला. चप्पल दारातच.

"घागकाका, ग्रुपवर लेडीज आहेत."

"चित्रातही लेडीजच आहे," मी म्हणालो. तोंडातून गेलं.

"घरात मयत झालीये आणि तुम्ही असले फोटो बघताय? ह्या वयात? मिसेसनी उघडला, बाजूला मुलगी बसलेली. कोण ही बाई?"

कोण ही बाई! वहिनी, मी थक्क झालो. या माणसाच्या घरी त्याच्या बायकोच्या बाळंतपणात महिनाभर डबा गेला तो तुझ्या हातचा. पार्किंगच्या मीटिंगमध्ये त्याला उभा-आडवा घेतलास तो याच तोंडानं. त्यानं फोटो बघितला, मोठा करून बघितला, हे तो स्वतःच बोलून गेला. बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं मोठा करून बघितला. आणि वर चेहऱ्यापर्यंत कोणीच आलं नाही! एवढी वर्षं रोज गेटवर दिसणारी बाई, आणि एकालाही ओळखू येऊ नये? मी तोंड उघडणार, एवढ्यात प्रशांतनं माझा दंड दाबला.

"चुकून आला त्यांच्याकडून. फॉरवर्ड होतं," तो राणेला म्हणाला. आणि दार लावल्यावर मला, "काका, प्लीज. कुणाला कळलं तर आईची काय राहील? तुम्हाला काय, चार दिवस नावं ठेवतील, विसरतील."

म्हणजे तुझी अब्रू राहावी म्हणून मी बिल्डिंगचा आंबटशौकीन म्हातारा झालो. ते चाललं असतं. माझ्या नावावर याहून मोठे पराक्रम आहेत. मी चिडलो ते वेगळ्याच गोष्टीवर. अब्रू गेली कुठे होती, ती राखायला?

भावेशकडे मग मी स्वतः गेलो. त्यानं डोळे मिटल्यासारखं करून चेहरा तेवढा कापला आणि विचारलं, "काका, साडी कौन सी डालूँ? पैठणी है, कांजीवरम है, सादी सफेद भी है." मी म्हटलं, "कोणतीच नको. चेहराच दे." तो म्हणाला, "ऐसा अच्छा नहीं लगता, काका. गला खुला दिखता है." मी तणतणत बाहेर पडलो आणि त्यानं प्रशांतला फोन केला. जांभळी प्रशांतनं निवडली. आईला कोणता रंग चालत नाही, हे एवढ्या मोठ्या लेकाला माहीत नाही!

आज तर कहर झाला. राणेची बायको फुलं घेऊन आली. तुझ्या फोटोसमोर उभी राहिली, पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "काय सुंदर दिसायच्या हो तरुणपणी! आणि हसू बघा, किती प्रसन्न!" तेच हसू, वहिनी. तोच फोटो. त्याच फोटोखाली हिनं ग्रुपवर लिहिलं होतं, 'कोण आहे ही निर्लज्ज? अॅडमिननी लक्ष घालावं.' मी खुर्चीतून उठलो, आणि परत बसलो. प्रशांत माझ्याकडेच बघत होता.

पानं उठली, पाहुणे गेले. रूपाली खरकटं काढत होती. प्रशांत आत गेला, कॅलेंडरं काढून पलंगावर टाकली आणि चित्र भिंतीवरून उतरवलं.

"काय करतोयस?"

"सकाळी कचऱ्याची गाडी येते, गाडीवाल्याशी बोललोय. पेपरात गुंडाळून देतो. विषय संपला."

कचऱ्याची गाडी उत्तनच्या डम्पिंगला जाते, वहिनी. जिथं ते चित्र झालं तिथंच. लंबूच्या खोलीतून निघून तू पुन्हा उत्तनला, सुक्या-ओल्या कचऱ्यात. मी जे काही बोललो ते इथं लिहीत नाही. आवाज चढला, शब्द गेले. प्रशांतही रडवेला झाला. "तुम्हाला काय जातंय बोलायला, काका? शाळेत मित्र घरी आले की मी आधी आत पळून कॅलेंडरं नीट आहेत का बघायचो. पंख्याच्या वाऱ्यानं उडायची ती. माझं लहानपण कॅलेंडर धरण्यात गेलं! आता तरी सोडा मला."

हे मला माहीत नव्हतं. तुला होतं?

तेवढ्यात रूपाली आली. हात ओलेच. ती कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही.

"छोटीच्या वेळी माझं सीझर झालं, आठवतंय? मी आरशासमोर जायची नाही. तुमच्यासमोर कपडे बदलायची नाही. तुम्हाला वाटलं, टाके दुखतात."

रूपालीनं हात पुसले.

"आईंना कळलं. एका दुपारी त्यांनी मला इथं आणलं, दार लावलं, कॅलेंडरं काढली. म्हणाल्या, 'नीट बघ. मी काय लपवलंय?' मी बघितलं. त्या म्हणाल्या, 'लंबूनं विचारलं होतं, हे वण चित्रात काढू की नको. मी म्हटलं, काढ. माझ्या पोराचे आहेत.'" मग तिनं प्रशांतच्या हातातल्या चित्रावर, रंगाला न टेकवता, बोट फिरवलं. "हे वण तुमचे आहेत. हे पण गाडीत देणार का?"

प्रशांत पलंगावर बसला, दोन्ही जानेवाऱ्यांवर. चित्र मांडीवर. पंख्याकडे न बघता आपल्या आईला त्यानं बहुतेक आज पहिल्यांदा बघितलं असेल. मग त्यानं चित्र उलटं केलं, मागची फ्रेंच ओळ बघितली आणि विचारलं, "काय लिहिलंय हे?"

"आडवी पडलेली बाई," मी म्हणालो.

त्याला हसू फुटलं. नाक ओढत हसला. रूपाली काही न विचारता डब्यांचा मार्कर घेऊन आली. त्यानं त्या ओळीखाली तुझं नाव लिहिलं. अक्षर तुझ्यासारखंच, कोंबडीचे पाय. पण पूर्ण लिहिलं. वाट लागली असेल तर लागू दे. हे भांडण तू जिंकलीस.

चित्र त्यानं परत टांगलं. कॅलेंडर एकच ठेवलं, स्वयंपाकघरात. हॉलमधली जांभळी अजून तिथंच आहे. प्रशांत म्हणतो, एकदम नको काका, हळूहळू. मी उद्या भांडेन. आज दमलोय.

पण एक गोष्ट राहिली होती. मी कधीतरी म्हटलं होतं, वहिनी, हे चार लोकांना दाखवायला हवं. तू म्हणाली होतीस, "मी मेल्यावर दाखवा. जिवंतपणी दाखवलंत तर लोक मला प्रश्न विचारतील. मेल्यावर तुम्हाला विचारतील. मी वरून मजा बघेन."

राणेच्या बायकोचा प्रश्न ग्रुपवर तसाच पडून होता. मी प्रशांतकडे बघितलं.

"टाका, काका," तो म्हणाला. "पण या वेळी चष्मा लावा."

मी चष्मा लावला. ग्रुपचं नाव वाचलं. रूपालीला वाचायला लावलं. आणि 'कोण आहे ही' च्या खाली उत्तर लिहिलं: 'सुमती गणपत घाग. बी विंग. माझी वहिनी.'

पाठवलं, आणि फ्रीजवर तुझा फोन वाजला. तूही आहेसच की ग्रुपवर. चार्जिंग संपू देत नाही मी त्याचं.